मूठ, वर्गणी आणि दोन टक्के



भिलाईच्या पोलाद कारखान्याचा भोंगा वाजला की माझा धाकटा भाऊ उठतो आणि फाटकाशी जाऊन उभा राहतो. लहानपणी तो बाबांसाठी जायचा. बाबा पहिल्या पाळीवरून सायकलने यायचे आणि फाटकापासून दारापर्यंत त्याला दांडीवर बसवून आणायचे. बाबा १९९६ साली गेले. भाऊ अजून जातो. आज तो एकसष्ट वर्षांचा आहे, मी पासष्टचा. त्याला घड्याळ समजत नाही, दहाची नोट आणि पाचशेची नोट त्याला सारखीच. पण भोंगा आणि फाटक यांचं नातं त्याच्या मनात पक्कं आहे. पूर्वी लोक त्याला ‘मतिमंद’ म्हणत, त्याआधी त्याहून वाईट शब्द होते, आता सरकारी कागदावर ‘बौद्धिक दिव्यांग’ लिहितात. घरात तो बाळू आहे.

या मालिकेत आतापर्यंत मी लढायांवर आणि छावण्यांवर बोललो. आजचा विषय वेगळा वाटेल, पण माझी पद्धत तीच आहे. फौजेत बत्तीस वर्षं काढलेला माणूस लढाईचा इतिहास वाचताना आधी तलवारी बघत नाही, रसद बघतो. दाणागोटा कुठून आला, किती दिवस पुरला, कुठे तुटला. पानिपतावर उपाशी पोटांनी काय केलं ते मी तुम्हाला सांगायला नको. तर आज रसदीचीच गोष्ट आहे. बाळूसारख्या मुलांसाठी आपल्याकडे ज्या शाळा, जी केंद्रं, जे निवारे उभे राहिले, त्यांचा पैसा कोणी दिला, आणि तो नेमका कुठे तुटतो.

सुरुवात भिलाईपासून करू. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दुर्ग जिल्ह्यातल्या धानाच्या शेतांमध्ये वर्षाला दहा लाख टनांचा कारखाना, आणि त्याच्या शेजारी एक आखीव गाव. करार झाला तेव्हा हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशात होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये राजधानी भोपाळला गेली, पण रेल्वेची वाट नागपूरचीच राहिली. त्या वाटेने विदर्भातली कितीतरी कुटुंबं इथे आली. आमचे बाबा वर्ध्याचे. फिटर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत इथेच राहिले.

गाव मोठ्या विचाराने आखलेलं होतं. सेक्टर पाडलेले, शाळा, बाजार, बाग, सेक्टर ९ मध्ये मोठं हॉस्पिटल. माणसाला जन्मापासून निवृत्तीपर्यंत जे जे लागतं, त्यातलं बहुतेक सगळं नकाशावर होतं. बाळू तेवढा नव्हता. सहा वर्षांचा झाल्यावर आईने त्याला पहिलीत नेऊन बसवलं. अकरा दिवस तो गेला. बाराव्या दिवशी बाई स्वतः घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, ‘वहिनी, याला घरीच ठेवा, तिथे मुलं त्याला चिडवतात.’ बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या वर्गात साठ मुलं होती आणि अशा मुलाला कसं शिकवायचं हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं.

कायदा काय म्हणत होता? देशात तेव्हा १९१२ चा ‘इंडियन लुनसी ॲक्ट’ चालू होता. त्या कायद्याच्या व्याख्येत वेडसर माणूस आणि जन्मतः मंद असलेला माणूस एकाच शब्दात कोंबले होते. म्हणजे सरकारकडे बाळूसाठी एकच दार होतं, वेड्यांच्या इस्पितळाचं. पुढे १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने चूक दुरुस्त केली आणि बौद्धिक मंदत्व हा मनोविकार नव्हे असं मानून अशा लोकांना त्या व्याख्येतून बाहेर काढलं. चांगलंच झालं. फक्त बाहेर काढून कुठे ठेवायचं, ते सांगितलं नाही. हक्कांचा कायदा यायला १९९५ उजाडलं. मधल्या काळात या मुलांसाठी जे काही झालं, ते बहुतांश खाजगी पैशावर झालं. आपल्या गोष्टीचा गाभा हा आहे.

मुंबईत १९४१ साली चिल्ड्रन्स एड सोसायटीने मानखुर्दला अशा मुलांसाठी एक निवासी गृह सुरू केलं. ती संस्थेची कामगिरी. पण १९४४ ची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. होरमसजी आणि जय वकील या दांपत्याची मुलगी दीना हिला डाऊन सिंड्रोम होता. तिला घेणारी शाळा सापडेना. तेव्हा त्यांनी आपल्या घरातच वर्ग सुरू केला, आणि इतरांची मुलंही त्यात घेतली. म्हणजे पहिली देणगी कोणाची? आईवडिलांची. जागा त्यांची, पैसा त्यांचा, वेळ त्यांचा. तोच वर्ग पुढे शिवडीच्या टेकडीवर गेला आणि ‘जय वकील’ हे नाव मुंबईत घराघरांत पोचलं. ज्यांच्यासाठी अभ्यासक्रमच नव्हता, त्यांच्यासाठी त्या संस्थेने बनवलेला ‘दिशा’ हा अभ्यासक्रम आज महाराष्ट्र शासनाने विशेष शाळांमध्ये नेला आहे. घरातल्या एका खोलीपासून इथवर यायला पाऊणशे वर्षं लागली, पण आली.

हीच चाल पुन्हा पुन्हा दिसते. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी होती. इंग्लंडमध्ये त्यांनी शिक्षण आणि उपचार एकत्र होताना पाहिले, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाचं केंद्र अगदी मोजक्या मुलांवर सुरू केलं. नर्गिस दत्त पाठीशी उभ्या राहिल्या. पुण्यात १९६४ साली सिंधूताई जोगांनी ‘कामायनी’ सुरू केली. यांतली एकही संस्था सरकारी हुकमाने जन्माला आलेली नाही. कोणीतरी आपला दिवाणखाना रिकामा केला, कोणी ओळखीच्यांपुढे पदर पसरला. अनुदान आलं ते नंतर, संस्था चालते आहे हे दिसल्यावर.

आमच्या आईला यांतलं काही माहीत नव्हतं. मुंबई-पुणे तिच्यासाठी परदेश. तिला ठाऊक होतं ते नागपूर, आणि नागपुरात कमलाताई होस्पेट. बालविधवा, परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या. १९२१ साली वेणूताई नेने यांच्याबरोबर सीताबर्डीवर चार खाटांचं प्रसूतिगृह काढलं आणि मातृसेवा संघ उभा केला. लोकांच्या देणग्यांवर वाढलेली ती संस्था. तिनेच पुढे मतिमंद मुलांसाठी ‘नंदनवन’ ही शाळा काढली. आई बाळूला एकदा नागपूरला दाखवायला घेऊन गेली होती. पण अडीचशे किलोमीटरवर मूल रोज कसं जाणार, आणि निवासी ठेवायचं तर आईचं मन होईना. परत आली ती गाडीतून उतरताना म्हणाली, ‘असं काहीतरी इथे हवं.’ हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि विसरलो. मला एनसीसीच्या परेडला जायचं होतं.

इथे, म्हणजे छत्तीसगडात, लोकांच्या पैशाने संस्था उभी राहू शकत नव्हती असं मात्र नाही. दोन उदाहरणं सांगतो. दोन्ही या मुलांची नाहीत, पण रसद समजायला उपयोगी आहेत.

पहिलं चांपा गावचं. सदाशिव गोविंद कात्रे हे रेल्वेतले नोकरदार मराठी गृहस्थ. त्यांना कुष्ठरोग झाला. त्या काळात तो होणं म्हणजे जिवंतपणीच घराबाहेर जाणं. स्वतः रुग्ण असलेल्या या माणसाने १९६२ साली चांप्याला भारतीय कुष्ठ निवारक संघ सुरू केला आणि घरोघर फिरून मदत गोळा केली. सत्तरच्या दशकात अमरावती जिल्ह्यातले दामोदर गणेश बापट त्यांना येऊन मिळाले आणि आयुष्यभर तिथेच राहिले. बापटांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, पुढच्या वर्षी ते गेले. ज्याच्या हातची वस्तू लोक घेत नाहीत, तो माणूस दारात येऊन मदत मागतो आणि लोक देतात, हे सोपं नाही. देणाऱ्यालाही नाही.

दुसरं उदाहरण दल्ली-राजहराचं. भिलाईच्या भट्ट्यांत जो लोहखनिज जातो, तो तिथल्या खाणींतून येतो. तिथल्या कंत्राटी मजुरांची संघटना शंकर गुहा नियोगी यांनी बांधली. १९७७ च्या जूनमध्ये पोलीस गोळीबारात मजूर मेले. त्यांच्या स्मरणार्थ ३ जून १९८३ रोजी ‘शहीद हॉस्पिटल’ सुरू झालं, पंधरा खाटांचं. बांधकाम मजुरांच्या श्रमदानाचं, पैसा मजुरांच्या वर्गणीचा. बाहेरची मोठी देणगी नको, हा आग्रह. नियोगींच्या राजकारणाशी माझं पटत नाही, आमच्या घरात तर त्यांच्यावरून जेवताना भांडणं होत. बाबा त्यांचं नाव निघालं की ताट सारून उठत. पण हिशेब हा हिशेब असतो. ज्या मजुराला स्वतःच्या घराची भिंत बांधता येत नव्हती, त्याने हॉस्पिटलची बांधली. १९९१ साली नियोगींचा भिलाईतच खून झाला. हॉस्पिटल बंद पडलं नाही. एका माणसाच्या जाण्याने जी संस्था बंद पडत नाही, तिची रसद नीट आहे असं समजावं.

आता फौजेकडे वळतो. मला टाळता येणार नाही.

सैनिक मदत मागत नाही असा एक समज आहे. खरं तर आमच्यासाठी देशाने १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला झोळी फिरवली आहे. ध्वजदिन म्हणतात तो. छातीला लावायचा कागदी झेंडा आणि त्याच्या बदल्यात डब्यात टाकलेलं नाणं. शाळेत आम्ही ते डबे खुळखुळवत सेक्टरभर हिंडायचो. त्या निधीतून आजही माजी सैनिकांच्या पूर्णतः दिव्यांग मुलांना मदत देण्याची योजना आहे. शिवाय सैनिकाच्या मुलाला जर स्वतःची उपजीविका करता येत नसेल, तर आईवडिलांच्या पश्चात त्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. हयातभर. सरकारी भाषेत मला आवडणारे शब्द फार थोडे आहेत, त्यांतला हा एक.

डेहराडूनला प्रशिक्षण घेत असताना एका रविवारी मी ‘राफाएल’ पाहिलं. लेनर्ड चेशायर हा दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश वैमानिक, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला. नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा निरीक्षक म्हणून विमानात होता. युद्धानंतर त्याने एका मरणोन्मुख, बेघर सहकाऱ्याला आपल्या घरी आणलं, त्यातून चेशायर होम्स उभी राहिली. भारतात पन्नाशीच्या दशकात मुंबईत अंधेरीला पहिलं निघालं. १९५९ च्या एप्रिलमध्ये चेशायर आणि स्यू रायडर यांचं लग्नही मुंबईतच झालं, आणि त्याच वर्षी त्यांनी डेहराडूनचं केंद्र काढलं. तिथे कुष्ठरुग्ण होते आणि बाळूसारखी मुलं होती. एक मुलगा आमच्या बुटांचे बंद सोडत बसला होता. अगदी बाळूची सवय. सगळे कॅडेट हसले, मीही हसलो. माझा भाऊ असाच आहे, हे मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. पुढेही बरीच वर्षं सांगितलं नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा ‘भाऊ आजारी असतो’ एवढंच म्हणालो होतो.

छावण्यांमधून आता लष्करी पत्नींच्या संघटनेच्या ‘आशा’ शाळा आहेत, आणि नागरी मुलांनाही तिथे घेतात. माझ्या बायकोने एका ठिकाणी तिथे शिकवलं. आमच्या घरात बाळूबद्दल मोकळेपणाने बोललं जाऊ लागलं, ते तिच्यामुळे.

भिलाईला आम्ही परतलो २०१४ साली. गाव बदललं होतं. ‘स्नेह संपदा’, ‘प्रयास’, ‘मुस्कान’ ही नावं आता इथल्या लोकांच्या तोंडी आहेत. दिव्यांग मुलांसाठीच्या या संस्थांना पोलाद प्राधिकरणाचा हात आहे, आणि प्राधिकरणाच्या सामाजिक कामाच्या वृत्तांतात त्यांची नावं येतात. त्याच यादीत बोकारोचं ‘आशालता केंद्र’, राउरकेलाचं ‘होम अँड होप’ आणि बर्नपूरचं चेशायर होम आहे. म्हणजे त्या वैमानिकाची गोष्ट फिरून पोलादाच्या गावात आलीच. आईचं ‘असं काहीतरी इथे हवं’ खरं झालं होतं. फक्त तोवर बाळू पन्नाशीला आला होता आणि आई नव्हती.

देशातही दोन मोठ्या गोष्टी झाल्या होत्या. १९९९ च्या अखेरीस राष्ट्रीय न्यास कायदा झाला, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक मंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. केंद्राने त्याला शंभर कोटींचा कायम निधी दिला. निधी बँकेत, व्याजावर काम. या कायद्याने पहिल्यांदा आईबापांच्या मनातला प्रश्न कागदावर आणला. आमच्यामागे कोण? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती अशा प्रौढ व्यक्तीसाठी पालक नेमते. बाळूचा कायदेशीर पालक मी त्याच कायद्याने झालो. दुसरी गोष्ट २०१३ चा कंपनी कायदा. कलम १३५. ठरावीक आकारापुढच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्चायचे. मंजूर कामांच्या यादीत विशेष शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झालं. जी गोष्ट इतके दिवस दयेची होती ती ताळेबंदात आली. मला फार आनंद झाला होता.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका छोट्या दिवसकेंद्राने मला खजिनदार केलं. अठरा वर्षांवरच्या मुलामुलींचं केंद्र. ‘मुलं’ म्हणतो, त्यांतल्या काहींचे केस पिकलेत. मेणबत्त्या, कागदी पाकिटं, कापडी पिशव्या. बाळू पाकिटं मोजत नाही, पण डिंक उत्तम लावतो.

खजिनदाराला जे दिसतं ते अध्यक्षांना दिसत नाही. दान कमी येत नाही, मंडळी. ते ठरावीक जागी येतं. पितृपक्षात एवढं जेवण येतं की आम्हाला तारखा वाटून द्याव्या लागतात. वैशाखात कोणी फिरकत नाही. आमच्याकडे नावं कोरलेले तीन वॉटर कूलर आहेत. एका मंडळाने समारंभ करून चार व्हीलचेअर दिल्या. आमची सगळी मुलं चालतात. नको म्हणवलं नाही, कारण त्यांनी फोटोग्राफर आणला होता. वाढदिवसाचे केक तर विचारू नका, डॉक्टरांनी आमच्या निम्म्या मुलांना साखर वर्ज्य केली आहे. आणि या सगळ्यात विशेष शिक्षिकेच्या पगारासाठी पावती फाडणारा माणूस वर्षातून एखादा भेटतो. पगारावर नाव कोरता येत नाही ना.

मग एका कंपनीकडून दोन टक्क्यांतला वाटा आला. नाव सांगत नाही, माणसं भली होती. दोन प्रशिक्षित शिक्षिका नेमल्या, एक वाचा उपचार करणारी मुलगी आठवड्यातून दोनदा येऊ लागली. पस्तिशीतला एक मुलगा, ज्याने कधी ‘पाणी’ म्हटलं नव्हतं, तो चित्रावर बोट ठेवून पाणी मागू लागला. त्याची आई त्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन नुसती उभी राहिली. काही बोलली नाही.

प्रकल्पाची मुदत संपली. पुढच्या वर्षी कंपनीने दुसरा जिल्हा निवडला. नियम पाहिले तर त्यांची चूक काढता येत नाही. चालू प्रकल्पाची मुदत, सुरुवातीचं वर्ष सोडून, जास्तीत जास्त तीन वर्षं. पुन्हा नवा प्रकल्प मांडता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही. मी म्हटलं, ठीक, मग एकदाच काय ते कायम निधीत द्या, आम्ही व्याजावर पगार भागवू, राष्ट्रीय न्यासासारखं. तर २०२१ पासून कायम निधीत दिलेला पैसा कंपनीच्या या खर्चात धरलाच जात नाही. यामागे कारण आहे. लोक निधीच्या नावाखाली पैसा नुसता ठेवून देत होते. पण ज्याचं आयुष्य पन्नास-साठ वर्षांचं आहे, त्याच्या पाठीशी तीन वर्षांची रसद उभी करायची आणि चौथ्या वर्षी छावणी हलवायची, हे कोणत्या युद्धशास्त्रात बसतं? दोन्ही शिक्षिका गेल्या. त्यांनाही घर होतं. तो मुलगा अजून चित्रावर बोट ठेवतो, पण नव्या मदतनीस बाईंना चित्राचा अर्थ कळायला दोन महिने लागले.

याच ठिकाणी मला परतवाड्याजवळच्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांची आठवण होते. रस्त्यावर, स्टेशनवर टाकून दिलेली दिव्यांग मुलं त्यांनी वाढवली, शंभराहून अधिक, त्यांना आपलं आडनाव दिलं. त्यांचं म्हणणं वर्षानुवर्षं एकच आहे. अठरा पूर्ण झाली की मूल बालगृहातून बाहेर, असा नियम. पण जे मूल अठराव्या वर्षीही चार वर्षांचंच आहे, ते बाहेर कुठे जाणार? यासाठी कायदा करा म्हणून ते भांडत राहिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. टाळ्या मीही वाजवल्या. कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकार मोजले, हक्क बरेच लिहिले. पण अठराव्या वर्षानंतर रोज सकाळी दहा वाजता कोणत्या दारात जायचं, त्याचं उत्तर आजही बहुतेक गावांत कोणा खाजगी माणसाच्याच हातात आहे.

मग आम्ही काय केलं? मी इतिहास वाचणारा माणूस, म्हणून मागे गेलो. धोंडो केशव कर्व्यांनी गावासाठी ‘मुरूड फंड’ काढला होता, तो बारीक वर्गणीचा. अंताजी दामोदर काळ्यांनी ‘पैसा फंड’ काढला, माणशी एक पैसा. टिळकांनी तो उचलून धरला आणि १९०८ साली तळेगावला त्यातून काचेचा कारखाना निघाला. ही आपल्याकडची जुनी विद्या आहे. मोठा दाता गेला की संस्था पडते, पण पाचशे लहान दाते एकाच दिवशी जात नाहीत. खाणमजुरांनीही हेच केलं होतं, आणि माझ्या बाबांना ते आवडत नव्हतं.

तर आम्ही महिना शंभर रुपयांची वर्गणी सुरू केली. जास्त घ्यायचेच नाहीत, एका घरातून शंभर. कूलर नाही, केक नाही, नाव कोरणं नाही. वर्गणी फक्त पगाराच्या खात्यात. गोळा करायला आमच्याच मुलांना घेऊन जातो, दोघांमागे एक आई. सुरुवातीला लोक दाराआडून बघायचे. आता काही घरांत मुलांना नावाने हाक मारतात. कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका तर बाळूला म्हणतात, ‘तुझ्या बाबाने माझं मशीन किती वेळा दुरुस्त केलं रे,’ आणि दोन महिन्यांचे एकदम देतात. नियमात बसत नाही, पण घेतो. एका शिक्षिकेचा पगार आता यातून निघतो. दुसरीचा नाही निघत. करसवलतीचं प्रमाणपत्र, ठरावीक मुदतीने नोंदणीचं नूतनीकरण, उत्पन्नातला पंच्याऐंशी टक्के भाग त्याच वर्षी खर्चायची अट, या सगळ्यांत माझी संध्याकाळ जाते. फौजेत कागद कमी होते असं मी यापुढे कधी म्हणणार नाही.

माझी मुलगी पुण्यात असते. माझ्यानंतर काकाची पालक म्हणून तिचं नाव सुचवायचं ठरलंय. ती मनापासून तयार आहे. ‘बाबा, काकाला मी पुण्याला घेऊन जाईन,’ म्हणते. गेल्या दिवाळीत पंधरा दिवस नेऊन पाहिलं. तिथे त्याने काही त्रास दिला नाही. जेवला, झोपला, टीव्ही पाहिला. फक्त दुपारी अडीच-तीनच्या सुमारास तो तिच्या सातव्या मजल्यावरच्या दाराशी जाऊन उभा राहायचा आणि बराच वेळ कान देऊन ऐकायचा.

आता आम्ही टाऊनशिपच्या बाहेर राहतो. वारा कारखान्याकडून असला तरच भोंगा ऐकू येतो. आज होता. बाळूने डिंकाचे हात पुसले आणि गेला.